पाणी दिलेल्या पोलादाला भोक पाडायचे असेल तर

ड्रिल फिरतोय, हात जोर लावतोय, पण कीस निघायच्या ऐवजी जॉबवर, म्हणजे ज्याला भोक पाडायचे त्या तुकड्यावर, नुसता आरशासारखा चकचकीत ठिपका उमटलाय. मग आणखी जोर, आणखी वेग, आणि अर्ध्या मिनिटात बिटचे टोक निळे पडते. जुन्या कानशीपासून सुरी करणारा, स्प्रिंगच्या पाट्याला बोल्टचे भोक हवे असणारा, करवतीच्या पात्याला नवी मूठ बसवणारा, सगळे नवशिके इथेच अडतात आणि बिट खराब होता असे समजून दुसरा आणतात. तोही तसाच जातो. समोरचे पाणी दिलेले (लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवून कठीण केलेले) पोलाद किती कठीण आहे, कुठल्या जातीचे आहे आणि ते मऊ करणे परवडेल का, ही तीन उत्तरे मशीन चालू करण्यापूर्वी मिळाली पाहिजेत. त्यासाठी एक कानस, एक चुंबक आणि पाच मिनिटे पुरतात.

आधी कानस फिरवा

चांगली धारदार कानस घ्या आणि जॉबच्या न दिसणाऱ्या कडेवर तिचा कोपरा बेताच्या जोराने पुढे ढकला. कानस चावली आणि सहज कीस निघाला, तर पोलाद ३५ एचआरसीच्या आत आहे, साधा एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) बिट चालेल. (एचआरसी म्हणजे रॉकवेल मापनातील सी श्रेणी, आकडा जितका मोठा तितका धातू कठीण.) कानस चावते पण चिवट, अडखळत चालते, तर आकडा ४० ते ५० च्या घरात धरा. आणि काचेवरून घसरावी तशी सुळकन घसरली, बारीक किणकिण आवाज आला, तर पोलाद कानशीच्या तोडीचे म्हणजे ६० च्या आसपास आहे.

एचएसएस बिट स्वतः ६३ ते ६६ एचआरसीचा असतो. कापणारे हत्यार कापल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा बरेच कठीण असावे लागते. नुसते दोन-चार आकडे वरचढ असून भागत नाही. त्यात कापताना टोकाशी होणारी उष्णता बिटलाच मऊ करते. म्हणून ६० चे पोलाद एचएसएसने कापायचा प्रयत्न करूच नका, कितीही तेल ओतले तरी.

कानस नवी असावी. गुळगुळीत झालेली कानस मऊ लोखंडावरही घसरते आणि उगाच घाबरवते.

पोलाद कुठल्या जातीचे?

वस्तूवरून बराच अंदाज येतो. जुन्या कानशी, छन्न्या, लाकडी कामाच्या जुन्या करवती, वाहनाच्या लीफ स्प्रिंगचे पाटे आणि कॉइल स्प्रिंग हे साधे जास्त कार्बनचे किंवा थोड्या मिश्रधातूंचे पोलाद असते आणि घरच्या साधनांनी चांगले मऊ होते. बॉल बेअरिंगच्या रिंगांत साधारण १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम असते. त्याही मऊ होतात, पण थंड करताना जास्त संयम लागतो. ड्रिल बिट, टॅप, लेथची हत्यारे आणि पॉवर हॅक्सॉची पाती यांत एचएसएस सापडते. ते ६०० अंशांपर्यंत कठीणच राहते, कारण त्याच कामासाठी ते घडवलेले असते. त्याचे रीतसर अनीलिंग (तापवून सावकाश थंड करत मऊ करणे) ८५० अंशांच्या वर नेऊन ताशी १० ते २० अंशांनी उतरवत करावे लागते. तापमान नियंत्रित करणारी विजेची भट्टी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

शंका असेल तर ग्राइंडरवर ठिणग्या बघा. जास्त कार्बनचे पोलाद पांढुरक्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या दाट ठिणग्या देते. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ, टोकाला थोड्याच फुटतात. एचएसएसच्या ठिणग्या मंद लालसर, तुटक, जवळजवळ न फुटणाऱ्या असतात. ओळखीचा एक तुकडा शेजारी धरून तुलना केली की फरक लगेच कळतो. आठवणीवर विसंबून नवशिक्याने निवाडा करू नये.

आता चुंबक. कठीण वाटणारा तुकडा चुंबकाला चिकटतच नसेल, तर दोन शक्यता. एक, ३०४ सारखे स्टेनलेस. ते पाणी दिलेले नसते. बिट घासत राहिल्यामुळे पृष्ठभाग दाबला जाऊन कडक होतो. दुसरी, ११ ते १४ टक्के मँगनीजचे, दगड फोडणाऱ्या यंत्रांच्या जबड्यांत वापरतात तसले पोलाद. तेही मार खाऊन कडक होते. लाल करून सावकाश थंड केले तर मऊ न होता ठिसूळ होते. न चिकटणाऱ्या तुकड्याला आच दाखवू नका.

शेवटचा प्रकार वरवर कठीण, आतून मऊ असा. केस हार्डन केलेल्या पिना आणि इंडक्शनने कठीण केलेले शाफ्ट यांची कातडी अर्ध्या मिमीपासून दोन मिमीपर्यंत जाड असते, गाभा साधा. यांच्यासाठी भट्टी पेटवायची गरजच नाही. भोकाच्या जागी छोट्या ग्राइंडिंग स्टोनने कातडी खरवडून काढा. मधूनमधून कानशीचा कोपरा टेकवून बघा; चावू लागली की खाली साध्या बिटने भोक पाडा. शाफ्ट आरपार छेदायचा असेल तर पलीकडची कातडीही आधीच घासून ठेवा, नाहीतर बिट नेमका शेवटच्या मिमीत मरतो.

मऊ करायचे की नाही

मऊ केलेले पोलाद जुन्या ताकदीचे राहत नाही. गाडीचे सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, वजन उचलायचे हुक आणि साखळ्या यांना आच लावणे किंवा भोक पाडणे या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजा. तिथे नवा भाग बसवणे हाच मार्ग. मोडीत निघालेला पाटा सुरीसाठी घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ लिहिलेले असेल तर कठीणपणा ३२ ते ३९, १२.९ असेल तर ३९ ते ४४ एचआरसी असतो. म्हणजे तुटलेला १२.९ बोल्टसुद्धा कोबाल्ट (कोबाल्ट मिसळलेल्या एचएसएसच्या) बिटने हळू वेगात थेट निघतो. तो मऊ करायला टॉर्च लावला तर भोवतालच्या भागाचे सील, रंग आणि माप बिघडण्याची भीती जास्त. लीफ स्प्रिंगचा मोडीतला पाटा साधारण ४२ ते ४८ मध्ये असतो. तोही चांगला कोबाल्ट बिट आणि दणकट ड्रिल प्रेस असेल तर न तापवता जमतो, पण नवशिक्याने मऊ करून घेतलेले बरे.

५० च्या पुढे दोनच मार्ग उरतात: मऊ करणे, नाहीतर कार्बाइडचा (एचएसएसहून खूप कठीण पदार्थाचा) बिट. एकदोनच भोके हवी असतील आणि वस्तू कठीणच राहायला हवी असेल तर कार्बाइड घ्या. बरीच भोके, कापणे, वाकवणे, कानस मारणे असे काम असेल तर मऊ करा.

जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेल्या वस्तू तापवू नका. जस्ताच्या धुराने काही तासांनी ताप, थंडी आणि छातीत दुखणे सुरू होते. पिवळसर झाक असलेल्या जुन्या बोल्टांवर कॅडमियम असू शकते आणि त्याचा धूर जिवावर बेततो.

निळा रंग म्हणजे मऊ, हा गैरसमज

घासून चकचकीत केलेले पोलाद तापवत गेलात की आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग चढतो. निळा आला म्हणजे पाणी उतरले असे समजून बरेच जण तिथेच थांबतात. पण जास्त कार्बनचे पोलाद ३०० अंशांना तापवूनही ५५ एचआरसीच्या आसपास राहते. स्प्रिंगला ते शोभते, ड्रिलला नाही. बिट चालण्याइतके मऊ व्हायला ते अंधारात स्पष्ट लाल दिसेपर्यंत न्यावे लागते. तिथे पोचायच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतला फरक समजला की निम्मे काम झाले.

पहिली रीत, पूर्ण अनीलिंग. साधे जास्त कार्बनचे पोलाद ७२७ अंशांच्या वर गेले की त्याची आतली रचना बदलते. कार्बन विरघळून सगळीकडे पसरतो. तिथून तेलात बुडवले तर कार्बन जागच्या जागी अडकतो आणि पोलाद कठीण होते. सावकाश उतरवले तर कार्बन वेगळा होऊन बसायला वेळ मिळतो आणि पोलाद मऊ होते. ही सगळी घडामोड साधारण ७८० ते ६५० अंशांच्या दरम्यान होते. त्या टप्प्यात उतार जितका सावकाश तितके चांगले. ६०० च्या खाली आल्यावर घाई केली तरी बिघडत नाही.

दुसरी रीत, खालच्या आचेची. पोलाद मंद लाल, ६५० ते ७०० अंशांना न्यायचे, रचना बदलणारी रेषा ओलांडायची नाही, आणि तिथे शक्य तितका वेळ धरायचे. या रीतीत मऊपणा थोडा कमी मिळतो, पण थंड कसेही केले तरी चालते, कारण परत कठीण होण्यासारखे आत काही तयारच झालेले नसते. ए २, डी २ यांसारखी हवेतच कठीण होणारी हत्यारांची पोलादे आणि सुऱ्यांचे चुंबकाला चिकटणारे स्टेनलेस यांना घरी हीच रीत लावावी. त्यांना चेरीसारखे लाल करून राखेत पुरले तर बाहेर निघताना ती पुन्हा कठीण झालेली असू शकतात, आणि मग लोक राखेला दोष देतात.

दोन्हींची कसोटी चुंबकच. पहिल्या रीतीत चुंबकाने जॉब सोडला पाहिजे. दुसरीत सोडता कामा नये.

मऊ करण्याची कृती

तळव्याएवढ्या, ५-६ मिमी जाडीच्या तुकड्याला प्रोपेनचा टॉर्च आणि चार-पाच हलक्या उष्णतारोधक विटा पुरतात. विटांची छोटी गुहा करा, उघड्यावर धरलेल्या तुकड्याची बरीच उष्णता हवेत जाते. याहून मोठ्या तुकड्याला कोळशाची शेगडी आणि भाता किंवा जुना हेअर ड्रायर लागेल. शिवाय लांब सांडशी, तारेच्या टोकाला लटकवलेले चुंबक, आणि झाकण असलेला लोखंडी डबा भरून कोरडी राख, चुना किंवा व्हर्मिक्युलाइट (उष्णता धरून ठेवणारे हलके, फुगवलेले खनिज). चुंबक जुन्या स्पीकरचे घ्या. लहान चकचकीत निओडिमियमची साधी चुंबके ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावतात.

१. जॉबवरचे तेल, ग्रीस, रंग, प्लास्टिक सगळे काढा. पोकळ, दोन्ही बाजूंनी बंद वस्तू तापवू नका. आतली हवा फुगून ती फुटते.

२. राख खरोखर कोरडी आहे याची खात्री करा. दमट राख म्हणजे सौम्य पाणी देणेच झाले, वर वाफेचा फवारा तोंडावर येतो. लहान तुकड्यासाठी राख आधी गरम करून ठेवा: एक जाड लोखंडी गोळा लाल करून तिच्यात पुरा आणि नंतर जॉब त्याच्या शेजारी ठेवा.

३. जागा अंधूक करा, पण हवा खेळती हवी; कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. उन्हात काम केले तर मंद लाल रंग दिसतच नाही आणि पोलाद नकळत नारिंगी होते, म्हणजे ९०० च्या वर.

४. सावकाश तापवा, टॉर्च फिरवत ठेवा. पातळ टोके आणि कोपरे आधी लाल होतात, तिथून आच काढून जाड भागाकडे न्या. सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत घाई नको. थंड, पूर्ण कठीण तुकड्यावर एकाच जागी झोत मारला तर तडकतो.

५. चेरी लाल झाल्यावर चुंबक टेकवा. ओढ संपली की रंग किंचित उजळ करा. मिठाचे दोन खडे टाकून खात्री करता येते: मीठ ८०१ अंशांना वितळते, म्हणजे वितळू लागले की थांबा. या तापमानाला दोन-तीन मिनिटे धरा. भट्टी असेल तर दर २५ मिमी जाडीला तासाभराचा हिशेब लावा.

६. सांडशीने उचलून लगेच राखेत खोल पुरा. वर-खाली किमान चार बोटे राख हवी. झाकण लावा आणि रात्रभर हात लावू नका. कोळशाची शेगडी असेल तर याहून सोपे आहे: भाता बंद करा, जॉब निखाऱ्यांतच ठेवा, वरून राख लोटा आणि सकाळी काढा.

७. काढल्यावर वरची काळी खपली घासून पुन्हा कानस फिरवा. कानशीने होकार दिल्याशिवाय ड्रिलकडे जाऊ नका.

पातळ पाती इथे त्रास देतात. २ मिमीचे पाते सांडशीने राखेपर्यंत नेईतोच काळे पडते. त्यासाठी १० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, पाते त्यांच्यात सँडविच करून तारेने बांधा, तिन्ही एकत्र लाल करा आणि तसेच पुरा. पाते वाकत नाही, खपलीही कमी धरते.

खालच्या आचेची रीत करायची असेल तर पाचव्या पायरीला रंग मंद लालच ठेवा, चुंबक चिकटते आहे हे मधूनमधून बघा आणि दहा-पंधरा मिनिटे तरी धरा. एका फेरीत पुरेसे मऊ झाले नाही तर दुसरी, तिसरी फेरी करा.

कानस अजूनही घसरत असेल तर कारणे ठरलेली आहेत. तापमान पोचलेच नाही. किंवा पोचले पण राखेत जाईपर्यंत जॉब थंड झाला. किंवा पोलाद हवेत कठीण होणाऱ्या जातीचे निघाले. पहिल्या दोन्हींवर उपाय तीच कृती जास्त काळजीने करणे. तिसऱ्यावर, खालची आच.

एक गोष्ट विसरू नका. लाली गेलेला काळा तुकडा ४०० अंशांवर असू शकतो आणि अगदी थंड दिसतो. कार्यशाळेत भाजणे बरेचदा अशाच तुकड्याला उचलताना होते. गरम वस्तूवर खडूने खूण करायची सवय लावून घ्या.

फक्त एकाच जागी मऊ करायचे असेल

सुरीच्या मुठीकडच्या दांड्याला पिनांची भोके हवीत आणि धार जशीच्या तशी राहायला हवी, हे नेहमीचे काम. पाते उभे करून धारेचा भाग पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा आणि वर राहिलेला दांडा टॉर्चने मंद लाल करा. लाल भागाला पाणी लागू देऊ नका. लाल आणि पाणी यांच्यामध्ये रंगांचा पट्टा उमटेल, पिवळ्यापासून निळ्यापर्यंत. भोक त्या पट्ट्याच्या वर, जिथे पोलाद लाल झाले होते तिथेच पाडायचे. दांडा दोन-तीन वेळा मंद लाल करून प्रत्येक वेळी हवेत काळा होऊ द्या.

करवतीसारख्या पातळ पात्याला याहून नाजूक युक्ती आहे. ३-४ मिमी जाडीचा खिळा घ्या, डोके कापा, कापलेले टोक कानशीने सपाट करा आणि ड्रिल प्रेसच्या चकमध्ये बसवा. पात्याखाली लाकूड ठेवा. लोखंडी टेबल उष्णता शोषून घेते. २००० ते ३००० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) खिळा भोकाच्या जागी दाबून धरा. घर्षणाने तेवढाच ठिपका तापतो. खिळ्याभोवती निळी कडी पसरते आणि मध्ये मंद लाली दिसते. आता दाब एकदम काढू नका. शेजारचे थंड पोलाद उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेते की ठिपका जास्त तापला असेल तर तो पुन्हा कठीण होतो. पंधरा-वीस सेकंद घेत दाब हळूहळू कमी करा. दुसऱ्या बाजूनेही तसेच. ही युक्ती २ मिमीपर्यंतच्या पात्यावर छान चालते, त्यापुढे फारशी नाही.

भोक पाडणे

जॉब व्हाइसमध्ये किंवा क्लँपने टेबलावर घट्ट बांधा. पातळ पाते हाताने धरले आणि बिट अडकला तर तेच पाते पंख्यासारखे फिरून बोटे कापते. ड्रिलवर हातमोजे घालू नका, मोजा बिटमध्ये गुंततो आणि हात ओढून नेतो. डोळ्यांवर गॉगल हवाच.

मऊ केलेल्या जागी सेंटर पंचने खूण करा. मऊ न केलेल्या पोलादावर पंच मारू नका. त्यावर खूण होत नाही, पंचचे टोक मात्र उडते. तिथे छोट्या स्टोनने खड्डा करा किंवा आखूड, न लवचणाऱ्या बिटने सुरुवात करा.

बिट आखूड आणि १३५ अंश स्प्लिट पॉइंटचा घ्या. ११८ अंशांच्या साध्या टोकापेक्षा तो कमी भटकतो आणि लगेच कापू लागतो. चांगल्या मऊ झालेल्या पोलादाला एचएसएस पुरतो. अर्धवट मऊ किंवा ४० च्या पुढचे असेल तर ५ टक्के कोबाल्टचा एम ३५ किंवा ८ टक्क्यांचा एम ४२. सोनेरी मुलाम्याला भुलू नका, आतले पोलाद काय आहे ते विचारा.

वेगाचा हिशेब सोपा: कापण्याचा वेग मीटर प्रति मिनिट घ्या, त्याला ३१८ ने गुणा आणि बिटच्या मिमीतल्या व्यासाने भागा. मऊ केलेल्या जास्त कार्बनच्या पोलादाला एचएसएसने १२ ते १५ मीटर, म्हणजे ६ मिमी बिटला सुमारे ६४० ते ८०० आरपीएम. ४० ते ४५ एचआरसीला कोबाल्टने ५ ते ८ मीटर, म्हणजे ६ मिमीला २६५ ते ४२५, आणि १० मिमीला जेमतेम १६० ते २५५. पट्टा सर्वांत कमी वेगाच्या पुलीवर टाकूनही तुमचा ड्रिल प्रेस याहून जोरात फिरत असेल तर हँड ड्रिलचा खालचा गिअर त्याच्यापेक्षा बरा.

आता सर्वांत महत्त्वाचे: वेग कमी, दाब ठाम. बिट टेकला की कीस निघालाच पाहिजे. हलक्या हाताने घासत राहिलात की कडा बोथट होते, बोथट कडा नुसती तापवते, आणि तापून-थंडावून तो ठिपका आधीपेक्षा कठीण होतो. कीस थांबला की बिट लगेच वर घ्या, बघा, गरज असेल तर धार लावा. दाब वाढवून बघण्याचा मोह होतोच. बहुतेक बिट त्या मोहापायी तुटतात.

गंधकयुक्त कटिंग ऑइल थेंबाथेंबाने देत राहा. दर २-३ मिमीला बिट वर काढून कीस साफ करा. ६ मिमीच्या पुढचे भोक असेल तर आधी लहान भोक पाडा, पण ते मोठ्या बिटच्या टोकावरच्या मधल्या बोथट रेघेएवढेच असू द्या. त्याहून मोठे केले तर पुढचा बिट फक्त कोपऱ्यांवर कापतो, झटके खातो आणि त्याचे कोपरे उडतात.

आरपार जाताना दाब निम्म्यावर आणा. खाली साध्या लोखंडाचा तुकडा घट्ट लावून ठेवला तर बिट शेवटी अडकत नाही आणि भोकाच्या काठाला राहणारी खरखरीत धार, म्हणजे बर, तीही कमी येते.

न मऊ करता, कार्बाइडने

५० ते ६० एचआरसीच्या पोलादाला सॉलिड कार्बाइड बिट १५ ते २० मीटर वेगाने चालतो. ५ मिमीला सुमारे ९५० ते १२७०. कार्बाइड कठीण तितकाच ठिसूळ. चक डगमगत असेल, जॉब हलत असेल किंवा हँड ड्रिल असेल तर तो काडीसारखा मोडतो. ड्रिल प्रेस, घट्ट व्हाइस, आखूड बिट, सलग ठाम दाब एवढे जमत असेल तरच वापरा. कोरडेच कापा. तापलेल्या कार्बाइडवर पाणी किंवा तेल टाकले तर तडे जातात.

साधनांची कमतरता असेल तर काच आणि टाइल्ससाठी मिळणारा, भाल्याच्या पात्यासारखा कार्बाइडचा बिट जास्त सोशिक असतो. भिंतीचा मॅसनरी बिटही चालतो, मात्र त्याचे टोक मुळात ठोकून फोडण्यासाठी बोथट केलेले असते. आधी कडा धारदार करा. त्याला साधा राखाडी ग्राइंडिंग व्हील उपयोगी नाही, हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा किंवा डायमंड व्हील लागतो. हॅमर मोड बंद ठेवा. भोक बिटच्या व्यासापेक्षा किंचित मोठे आणि थोडे खडबडीत येते, मुठीच्या पिनेला ते चालून जाते.

परत पाणी देणार असाल तर

भोकांच्या दोन्ही तोंडांची धार मोठ्या बिटने किंवा काउंटरसिंकने मोडून घ्या, आणि कडेपासून भोकापर्यंत किमान भोकाच्या दीडपट अंतर राखा. तेलात बुडवताना तडा जायचाच झाला तर तो अशाच तीक्ष्ण काठापासून सुरू होतो. पिनेसाठी ०.१ मिमी सैल भोक ठेवा. खपली आणि आकारातला बारीक बदल त्यात सामावतो.

साधे जास्त कार्बनचे पोलाद चुंबक सुटल्यावर आणखी ३०-४० अंश वर न्या, दोन मिनिटे धरा आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या वनस्पती तेलात सरळ उभे बुडवा. तेल लोखंडी भांड्यात, झाकण हाताशी. इंजिनाचे जुने तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो. थंड झाल्यावर कानस घसरली की पाणी बसले. त्या अवस्थेत पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून दुसऱ्या दिवसावर न टाकता लगेच ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांना एकेक तासाच्या दोन फेऱ्या द्या. स्प्रिंगसारखी लवचीकता हवी असेल तर निळा रंग येईपर्यंत, म्हणजे ३०० च्या आसपास. एकदा कठीण झालेल्या पोलादात विसरलेले भोक पाडायला हीच सगळी कृती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, तेव्हा तेल गरम करायला ठेवण्यापूर्वी भोके मोजून घ्या.